चौथ्या टाकीचा व्हॉल्व्ह

१

किंकाळी ऐकू आली तेव्हा पॅनेलबाई वर्कशॉपमध्ये एका मोटरचा स्टार्टर उघडून बसली होती. फळांच्या रसाच्या त्या कारखान्यात आवाजाला तोटा नव्हता, पण माणसाचा आवाज यंत्रांच्या आवाजात कधी मिसळत नाही. ती हातातला स्क्रूड्रायव्हर टाकून धावली.

टाक्यांच्या दालनात चौथ्या टाकीच्या शिडीखाली फिटर पडला होता. उजवा हात आणि खांदा लालबुंद. वर टाकीच्या उघड्या झाकणातून वाफा निघत होत्या. दोघातिघांनी त्याला उचलून पाण्याखाली धरलं, कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली. शेजारची पाचवी टाकी रसाने काठोकाठ भरलेली होती. तिला मात्र कशाचा पत्ताच नव्हता.

झालं होतं ते असं. टाक्या रिकाम्या झाल्या की आतून धुतात: आधी पाणी, मग उकळतं कॉस्टिक सोड्याचं पाणी. ते आत फवारणारा एक गोळा असतो, आणि चौथ्या टाकीतल्या त्या गोळ्याचं गॅस्केट, म्हणजे रबरी चकती, फिटर बदलत होता, हात खांद्यापर्यंत आत घालून. त्याआधी त्याने रीतीप्रमाणे वॉकीटॉकीवर विचारलं होतं, "चारमध्ये हात घालतोय रे, लाइन बंद आहे ना?" कंट्रोल रूममधून उत्तर आलं होतं, "बंद आहे, घाल बिनधास्त." आणि तरीही व्हॉल्व्ह उघडला.

ते उत्तर देणारा ऑपरेटर पॅनेलबाईचा सख्खा धाकटा भाऊ होता.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर तिने पहिला फोन मास्तरांना लावला. कारखान्याची वायर न् वायर ज्यांच्या हातून गेली, जिला कुणी पॅनेलला हात लावू देत नव्हतं त्या पोरीला ज्यांनी पॅनेलबाई केली, ते मास्तर. नुकतेच निवृत्त झाले होते. फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"बोल पोरी. काय बिघडलं?"

"मास्तर, धुण्याची लाइन आपोआप सुटली. फिटर भाजलाय. हात, खांदा... फार भाजलाय."

 "माणूस? पाच तर रिकामी होती. तिच्यावर माणूस कशाला चढला?"

"पाच नाही हो मास्तर, चार."

"चार," मास्तर म्हणाले. मग एकदम मऊ आवाजात, "तू आधी घोटभर पाणी पी. आणि काही लागलं तर ये माझ्याकडे."

तिला तेवढ्यानेच धीर आला. फोन ठेवते न ठेवते तोच मॅनेजरसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"परवा सकाळी सरकारी निरीक्षक येतोय," साहेब म्हणाले. "त्याला नाव लागणार. मी दिलं नाही तर तो माझंच लिहील. ज्याचं नाव जाईल त्याची नोकरी तर गेलीच, वर खटला. बाई, तुमचं कार्ड आणि तुमचा भाऊ, दोघांपैकी एक खोटं बोलतंय. परवापर्यंत कोण ते शोधा. नाहीतर मी भावाचं नाव देणार."

२

कार्ड म्हणजे तळहाताएवढं वेब सर्व्हरचं मॉड्यूल. ते पॅनेलमध्ये व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कंट्रोलरच्या शेजारी बसतं, त्याला नेटवर्कची वायर लागते, आणि त्याच्या पोटात वेबची पानं साठवलेली असतात. कुठल्याही संगणकावर किंवा मोबाइलवर त्याचा पत्ता टाकला की टाक्या, तापमान, व्हॉल्व्ह सगळं समोर हजर. पासवर्ड माहीत असेल तर हुकूमही देता येतो. पासवर्ड सगळ्यांना मिळून एकच, तोही सगळ्या कारखान्याला पाठ. त्यामुळे हुकूम आला एवढंच कार्डाला कळायचं, दिला कुणी ते त्याच्या बापालाही सांगता आलं नसतं.

हे नवं कार्ड पॅनेलबाईने मास्तर गेल्यावर बसवलं होतं. जुनं काढून खणात टाकलं. नवी पानं स्वतः लिहिली. व्हॉल्व्ह उघडण्याआधी पान विचारायचं, 'खात्री आहे?' हो म्हटलं की आधी दालनात भोंगा वाजायचा, मगच व्हॉल्व्ह हलायचा. त्याच सुमारास एक छोटी नवी टाकी आली होती. रस आधी तिच्यातच येतो म्हणून तिने ती यादीत सगळ्यात वर घातली. मास्तरांचा नियम वेगळा होता. "नवं आलेलं रांगेच्या शेवटी उभं राहील," ते म्हणायचे. "मध्ये घुसवलंस तर अख्खी रांग हलते." तिने तो नियम पहिल्यांदाच मोडला होता, आणि त्यांना सांगायची मात्र तिची छाती झाली नव्हती.

कंट्रोलरमध्ये तिने पाहिलं. हुकूम मुख्य स्क्रीनवरून आला नव्हता, कार्डातून आला होता. म्हणजे कुणीतरी वेबच्या पानावरून. असं पान धाकट्यासमोरच्या संगणकावर होतं, साहेबांच्या मोबाइलवर होतं, लॅबच्या मॅडमकडे होतं. आणि एक जुनी जोडणी मास्तरांच्या घरापर्यंत जात होती, अडल्यानडल्याला घरून बघता यावं म्हणून. साहेबांनी ती तोडायला सांगितली होती. "मास्तरांची लाइन आपण कशी तोडायची?" म्हणून तिने ती तशीच ठेवली होती. ती तिने मोजलीच नाही. वडीलधाऱ्यांच्या खिशात कुणी हात घालतं का?

साहेबांनी आधीच हात वर केले. "माझा मोबाइल मीटिंगमध्ये बंद होता. दहा माणसं साक्षीला आहेत. आणि मला सांगा, काम करताना खालचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावायचा नियम आहे की नाही?"

"नियम आहे साहेब. कुलपं कुठे आहेत?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. ते काहीतरी लपवत होते हे खरं, पण ते कुलपांचंच होतं. मागणी करकरून थकलेले फिटर शेवटी नुसत्या वॉकीटॉकीवर भरवसा ठेवायला शिकले होते.

लॅबच्या मॅडम आधीच रडवेल्या झाल्या होत्या. "मी फक्त तापमान बघते हो बाई. बटणांच्या वाटेला जातच नाही. मागे एकदा चुकून बोट लागलं, तर तुमचा तो भोंगा असा बोंबलला की सगळा कारखाना माझ्या दारात. तेव्हापासून कानाला खडा. आज तर मी शांत बसले होते, आणि एकदम ती किंकाळीच."

राहिला धाकटा. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवला होता, तिनेच शब्द टाकून इथे चिकटवला होता. तो घराच्या पायरीवर बसला होता, कंपनीचा शर्ट अजून अंगात.

"तू दाबलंस?"

"नाही."

"चुकून? कोपर लागलं असेल."

"नाही, ताई."

"पान तुझ्यासमोर उघडं होतं. नीट आठव. खरंच नाही दाबलंस?"

त्याने वर बघितलं. "एका हातात वॉकीटॉकी होता. दुसरा टेबलावर होता. तो माझा मित्र आहे, ताई. त्याला मी 'घाल बिनधास्त' म्हणालो आणि मीच उकळतं पाणी सोडलं, असं वाटतं तुला?"

तिला काय वाटत होतं ते तिने सांगितलं नाही. कार्ड आपणहून व्हॉल्व्ह उघडत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. कार्ड तिने स्वतः बसवलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मास्तरांकडे गेली. दार मास्तरीणबाईंनी उघडलं.

"बरं झालं आलीस. यांना घरात करमतच नाही गं. टीव्ही लावतात, बंद करतात. फोन घेऊन बसतात. काल तर सकाळीच बूट चढवून, हत्यारांची पिशवी शेजारी घेऊन दाराशी बसले होते. म्हटलं, कुठे निघालात? तर म्हणाले, कुठे नाही. येईल बोलावणं." त्या हसल्या. "माणसाची सवय सुटत नाही बघ."

मास्तर खुर्चीत होते. एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. तिला वाटलं, आपल्या काळजीनेच. ती त्यांच्या पायाशी बसली आणि तिला रडूच आलं.

तिने सगळं सांगितलं: कार्डातून आलेला हुकूम, साहेबांचा मोबाइल, मॅडम, धाकट्याचं नाही नाही. मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

"पोरी, यंत्राला खोटं बोलता येत नाही," शेवटी ते म्हणाले. "माणसाला येतं, आणि घाबरलेल्याला तर फारच छान येतं. पान कुणासमोर उघडं होतं?"

"त्याच्या."

"मग साप म्हणून भुई कशाला धोपटतेस? त्याला म्हणावं, चुकून हात लागला असं कबूल कर. चुकीला शिक्षा कमी असते. नाकबूल केलं आणि उद्या सिद्ध झालं, तर जन्मातून उठेल."

"तो नाही म्हणतोय हो."

"तुझा तो भाऊ आहे. म्हणून तुला दिसत नाही." मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी काय वाईट सांगेन तुला?"

नाही, वाईट ते कधीच सांगणार नाहीत, हे ती जाणून होती. अशी जाण किती महाग पडते ते माणसाला फार उशिरा कळतं. ती तिथून निघाली ती थेट पायरीवर बसलेल्या धाकट्याकडे.

"कबूल करून टाक," ती म्हणाली. "चुकून झालं म्हण. मास्तरही तेच म्हणतात."

धाकटा उठला. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"परकं कुणी म्हणालं असतं तर मी भांडलो असतो," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर लिही काय लिहायचं ते. मी सही करतो. पण जाण्याआधी एकदा दवाखान्यात जा. त्याला तरी विचार, त्याने काय ऐकलं."

४

फिटरचा हात पट्ट्यांत गुंडाळलेला होता. डॉक्टरांनी बोटं वाचतील म्हणून सांगितलं होतं, जोर परत येईल का ते सांगितलं नव्हतं. ज्याचं पोट हातावर, त्याला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

"तुझ्या भावाला म्हणावं, मी रागावलो नाही," तो म्हणाला. "फक्त एक कळत नाही बाई. भोंगा का नाही वाजला?"

"वाजला नाही?"

"वाजला असता तर हात बाहेर नसता काढला? तुमचा तो भोंगा मेलेल्याला उठवतो. मी वाटच बघत असतो त्याची. अजिबात वाजला नाही."

पॅनेलबाई उभीच राहिली. मॅडमही तेच म्हणाल्या होत्या: शांत बसले होते, आणि एकदम किंकाळी. दोघांच्या तोंडून ऐकूनही जी गोष्ट तिच्या कानात शिरली नव्हती, ती आता शिरली.

ती कारखान्यात परतली आणि भोंगा वाजवून पाहिला. खणखणीत वाजला. मग कसला प्रश्न? भोंगा तिने पानावरच्या बटणाला जोडला होता. तिच्या पानावरून हुकूम गेला असता तर तो वाजलाच असता. धाकट्याच्या संगणकावर तिचं पान, साहेबांच्या मोबाइलवर तिचं पान, मॅडमकडेही तेच. भोंगा वाजला नाही याचा अर्थ, हुकूम तिच्या पानावरून आलाच नव्हता.

मग दुसरं पान आलं कुठून?

तिने खण उघडला. जुनं कार्ड तिथेच होतं, धुळीत. तिने ते वर्कशॉपमधल्या चाचणीच्या पॅनेलवर बसवलं, कंट्रोलरमध्ये कारखान्यातलाच प्रोग्रॅम भरला आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या जागी एकेक दिवा लावला. संगणकावर जुनं पान उघडलं: मास्तरांच्या हातचं, साधं, निळ्या चौकटींचं. खात्री विचारणं नाही, भोंगा नाही. बटण दाबलं की थेट व्हॉल्व्ह.

जुन्या पानाला टाक्यांची नावं कळत नव्हती, फक्त रांगेतली जागा कळत होती. आणि रांग तिने हलवली होती. नवी टाकी पहिल्या जागी बसली, पहिली दुसऱ्या जागी सरकली, चौथी पाचव्या.

तिने 'चार' दाबलं. तिसऱ्या टाकीचा दिवा लागला.

मग तिचं बोट 'पाच'वर गेलं आणि तिथेच थांबलं. कानात एक आवाज वाजत होता, फोनमधला. पाच तर रिकामी होती. तिच्यावर माणूस कशाला चढला?

तिने तेव्हा टाकीचा नंबर सांगितलाच नव्हता.

तिने बटण दाबलं. चौथ्या टाकीचा दिवा लागला. 

५

"कार्ड मरतं पोरी, कॉपी मरत नाही," असं मास्तर नेहमी म्हणायचे, आणि लिहिलेल्या प्रत्येक पानाची प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवायचे. खणातलं कार्ड सोडलं तर ते जुनं पान फक्त त्यांच्याकडेच होतं, आणि घरच्या लाइनने त्यावरून नव्या कार्डालाही हुकूम देता येत होता. ती पोहोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मास्तर त्याच खुर्चीत होते, लॅपटॉप शेजारच्या टेबलावर मिटलेला.

"केलं का कबूल त्याने?" त्यांनी विचारलं.

"करायला तयार आहे. मास्तर, मी काल फोनवर फक्त फिटर भाजला म्हटलं होतं. तुम्ही पाच म्हणालात."

मास्तरांनी मिटलेल्या लॅपटॉपकडे नजर टाकली.

"पाच रिकामी होती, असंही म्हणालात. पाच काठोकाठ भरलेली होती. कारखान्यात कुणालाही विचारा. पाच रिकामी फक्त एकाच पानावर दिसते, तुमच्या जुन्या पानावर. कारण तुमचं पाच म्हणजे आमचं आता चार आहे."

"आता?" मास्तर पुढे झुकले. "तू नवी टाकी मध्ये घातलीस?"

"सगळ्यात वर."

"मी काय शिकवलं होतं तुला?" आणि त्यांचा आवाज क्षणभर वर्कशॉपमधला झाला. "रांगेच्या शेवटी! पाचचं झाकण कायम बंद, तिच्यावर सहसा कुणी चढत नाही; शेवटी लावली असतीस तर ती खरंच रिकामी असतानाच मी लाइन सोडली असती. कुणाला काही झालं नसतं. थोडी धावपळ झाली असती, कुणाला काही कळलं नसतं, आणि मग..."

"आणि मग तुम्हाला बोलावलं असतं."

मास्तरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"इतकी वर्षं रात्री-अपरात्री फोन यायचा," ते खाली बघत म्हणाले. "निवृत्त झालो आणि फोन मुका झाला. साध्या फ्यूजसाठीही कुणी विचारलं नाही. तूसुद्धा नाही. मला वाटलं, एकदाच. एकदाच त्यांना कळू दे की मास्तरांशिवाय चालत नाही."

पॅनेलबाईला त्यांची दया आली, हे खोटं कशाला सांगा? त्या माणसाने तिला उभं केलं होतं. पण दयेच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते जास्त खोल होतं.

"यादी मी हलवली, भोंगा नुसता बटणाला जोडला, तुमची लाइन चालू ठेवली, हे मी उद्या निरीक्षकाला स्वतः सांगणार," ती म्हणाली. "त्याची जी शिक्षा होईल ती माझी. पण फिटर भाजला हे कळल्यावर काय केलंत, मास्तर? मी तुमच्या पायाशी बसून रडत होते. आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून माझ्या भावाला खटल्यात ढकलायला सांगितलंत. केसाने गळा कापलात माझा. तेव्हा कुठली यादी हलली होती?"

 मास्तर टेबलावरचा लॅपटॉप स्वतःकडे ओढायला गेले, पण मास्तरीणबाई आधी पोहोचल्या. त्यांनी तो उचलला, वायर गुंडाळली आणि पॅनेलबाईच्या हातात दिला.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आणि बूटही ने त्यांचे. आता नाही लागणार."

बूट तिने नेले नाहीत. तिथेच उभं राहून साहेबांना फोन लावला, स्पीकरवर, मास्तरांना ऐकू जाईल असा. सगळं सांगून झाल्यावर साहेबांनी विचारलं, "आणि त्यांची घरची लाइन?"

"आत्ता जाऊन तोडते," ती म्हणाली. मास्तरांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड झाकून घेतलं.

६

धाकटा खोलीत पिशवी भरत होता. तिने दारातूनच सांगितलं. तू सुटलास, तुझा काही दोष नाही, साहेब आता तुझं नाव देणार नाहीत, मास्तरांनी केलं. सगळं एका दमात.

त्याने पिशवीची चेन लावली. तो आनंदाने ओरडेल असं तिला वाटलं होतं. निदान मास्तरांना शिव्या तरी घालेल.

"मला तीनदा विचारलंस," तो म्हणाला. "दाबलंस का, चुकून दाबलंस का, खरंच नाही का दाबलंस. आणि तीनदा नाही म्हणून झाल्यावर कबूल कर म्हणालीस."

"अरे, मला काय माहीत होतं..."

"पान तर त्यांच्याही घरी पोहोचत होतं. तुला माहीत होतं. त्यांना कितीदा विचारलंस, ताई?"

 त्याने पिशवी खांद्याला लावली.

"दवाखान्यात रात्री त्याच्याजवळ कुणीतरी लागतं," तो म्हणाला. "काही दिवस मी तिथेच राहीन."

"मी येते सोबत."

"नको."

पायऱ्या उतरताना त्याची पावलं तिला ऐकू येत होती. ती दारात उभी राहिली. हातात अजून मास्तरांचा लॅपटॉप होता, तो कुठे ठेवावा हेही तिला सुचत नव्हतं.

"एकदाही नाही," ती म्हणाली, पण तोवर तो कोपऱ्यावरून वळला होता.